चिल्लरमधले चेहरे



आजच्या शुभवर्तमानातला प्रसंग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. कैसराला कर द्यावा की देऊ नये, असा पेच टाकून येशूला बोलण्यात पकडण्याचा परुश्यांचा बेत होता. ‘द्या’ म्हटले तर लोक चिडतील, ‘देऊ नका’ म्हटले तर रोमी शिपाई धरून नेतील. येशूने उत्तर देण्याआधी काय केले? कराचे नाणे दाखवा, असे तो म्हणाला. नाणे त्याच्याजवळ नव्हते. ते निघाले विचारणाऱ्यांच्याच कनवटीतून, आणि तेही मंदिराच्या आवारात! जे नाणे ते रोज घेत-देत होते, त्यावर कोणाचा चेहरा आहे आणि काय लिहिले आहे, एवढेच येशूने त्यांना विचारले.

ते नाणे म्हणजे रोमी दिनार. द्राक्षमळ्यात दिवसभर राबणाऱ्या मजुराला मिळणारी एका दिवसाची मजुरी. त्या काळी चालणाऱ्या दिनारावर तिबेरियस कैसराचे तोंड असे आणि तो देवत्व पावलेल्या ऑगस्तसचा पुत्र आहे असे भोवती कोरलेले असे. एक देव सोडून दुसरा देव न मानणाऱ्या लोकांच्या खिशात हा मजकूर बिनबोभाट फिरत होता. वाचतो कोण? नाणे हातात आले की आपण किंमत पाहतो, चेहरा पाहत नाही.

आपण तरी पाहतो का? आज मिस्सा संपल्यावर खिशातले पाच रुपयांचे एखादे नाणे मुठीत धरा आणि न बघता सांगा, त्यावर काय आहे? मी स्वतः हा प्रयोग केला आणि नापास झालो. मला हा प्रयोग करायला लावला आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने. त्याच्याविषयी आज थोडे सांगायचे आहे, आणि त्याच्या निमित्ताने आपल्यातल्याच एका मावशींविषयीही. मावशींची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही.

सध्या गडावर नवरात्राची गर्दी आहे. यवतमाळ, पुसद, किनवट, आदिलाबाद, हिंगोली, नांदेड, सगळीकडून माणसे रेणुकामातेच्या दर्शनाला येतात, दत्तशिखराला जातात, आणि जाताना आपल्या माहूरच्या बाजारात चिल्लर सोडून जातात. नारळवाला, तांबूल विकणारी बाई, रिक्षावाला, चहाची टपरी यांच्या गल्ल्यात या दिवसांत जेवढ्या तऱ्हेची नाणी जमतात तेवढी एखाद्या मोठ्या शहरातही एका जागी जमत नसतील. या मुलाच्या वडिलांचे बसस्थानकाजवळ छोटे दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना मुलगा शेजारी बसतो, वेगळे दिसणारे नाणे बाजूला काढतो आणि तेवढेच दुसरे नाणे गल्ल्यात टाकतो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याचा हा खजिना आहे. यासाठी त्याने आजवर एक रुपयाही जादा खर्च केलेला नाही.

एके दिवशी त्याने तो डबा माझ्यासमोर रिकामा केला. सरकार थोर माणसांच्या किंवा मोठ्या घटनांच्या स्मरणार्थ जी नाणी काढते, ती त्याने चिल्लरमधून वेचली आहेत. स्वतंत्र भारतात अशी पहिली नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली. ते काही त्याला गल्ल्यात मिळाले नाही, आजोबांच्या पेटीत मिळाले. पण बाकीची मंडळी पाहा. १९९९ चे एक रुपयाचे संत ज्ञानेश्वर. त्याच वर्षाचे दोन रुपयांचे छत्रपती शिवाजी महाराज. २००१ चे पाच रुपयांचे भगवान महावीर. २००६ चे पाच रुपयांचे महात्मा बसवेश्वर, ज्यांना आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी मानतात. पाच रुपयांचे लोकमान्य टिळक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनदा, १९९० च्या एक रुपयावर आणि २०१५ च्या दहा रुपयांवर. २०१२ ची वैष्णोदेवी. अंधांना बोटांनी वाचायला शिकवणाऱ्या लुई ब्रेलचे २००९ चे दोन रुपये. हे ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने ते नाणे आपल्या ‘चर्चवाल्या’ पुडीत हलवले.

मग त्याने मला सालाच्या खालची खूण बघायला शिकवले. चौकटीच्या आकाराचा हिरा असला तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, तारा असला तर हैदराबादचे, टिंब असले तर नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. ताऱ्याची नाणी आपल्याकडे जास्त सापडतात असे त्याचे म्हणणे. तसे असेल तर नवल नाही, हैदराबाद आपल्याला जवळ. आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणी तर इथे निजामाचा हाली शिक्काच चालत असे. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाल्यावरही तो काही वर्षे हिंदुस्थानी रुपयाबरोबर चालला. सात हाली रुपये म्हणजे सहा हिंदुस्थानी रुपये, असा हिशेब. १९५९ मध्ये तो कायमचा बंद झाला. तांड्यावरच्या म्हाताऱ्या आयांच्या गळ्यात आणि चोळीवर चांदीचे जुने रुपये ओवलेले आपण पाहिले आहेत. राज्य गेले, राजाचे नाणे बाजारातून गेले, पण आजीच्या गळ्यात राहिले. कैसराचेही शेवटी असेच झाले; तिबेरियसचे दिनार आज संग्रहालयात आहेत.

आता ती ‘चर्चवाली’ पुडी. तिच्यात मदर तेरेसांचे पाच रुपयांचे नाणे आहे. २०१० साली त्यांच्या जन्मशताब्दीला ते निघाले. मदरनी कॉन्व्हेंट सोडून झोपडपट्टीत काम सुरू केले तेव्हा त्यांच्याजवळ पाचच रुपये होते असे सांगतात. म्हणून त्यांच्या चेहऱ्याला पाच रुपयांचे नाणे शोभून दिसते. पण पुडीत एक जागा रिकामी होती. संत अल्फोन्सा यांचे २००९ चे पाच रुपये त्याला काही केल्या सापडत नव्हते.

केरळातल्या या धर्मभगिनीचा जन्म १९ ऑगस्ट १९१० चा. मदर तेरेसांचा २६ ऑगस्ट १९१० चा. एकाच महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने, एक बाळ कुडमाळूरला आणि एक दूर स्कोप्येला. एकीने साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर काम केले, नोबेल पारितोषिक घेतले, १९९७ साली त्या गेल्या तेव्हा देशाने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला. दुसरी भरणंगानमच्या क्लॅरिस्ट मठात बहुतेक काळ आजारीच होती. २८ जुलै १९४६ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. तिने शाळा काढली नाही, इस्पितळ बांधले नाही. सोसले, आणि सोसताना शेजारच्यांशी गोड राहिली. तिलाच पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ ऑक्टोबर २००८ रोजी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेली ती पहिली संत स्त्री. मदर तेरेसांना तो मान ४ सप्टेंबर २०१६ ला मिळाला. दोघींच्या नाण्यांची किंमत मात्र एकच, पाच रुपये. मला ही गोष्ट फार आवडते.

एका नाण्याविषयी बोललो नाही तर हे प्रवचन अर्धवट राहील, कारण त्यावरून आपल्यापैकी काहींना चारचौघांत टोमणे ऐकावे लागले होते. २००६ च्या सुमारास दोन रुपयांचे गोल पोलादी नाणे आले, त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषा आणि चार टिंबे होती. विविधतेतील एकता, चार माणसे एकत्र आली आहेत, असा त्याचा अर्थ सरकारने सांगितला. पण पुष्कळांना त्यात क्रूस दिसला आणि गदारोळ झाला. अंध बांधवांची तक्रार वेगळीच आणि खरी होती: एक आणि दोन रुपयांची नाणी हाताला सारखीच लागतात. पुढे २००७ पासून हाताच्या मुद्रांची नाणी आली, रुपयावर उभा अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटे. त्या मुलाच्या डब्यात हे ‘क्रूसवाले’ नाणेही आहे. ते कुठल्या पुडीत ठेवायचे असे त्याने विचारले. मी म्हणालो, “सरकारी पुडीत ठेव. ते चार माणसांचे चित्र आहे.” क्रूस नाण्यावर हवा असा आपला कधीच आग्रह नव्हता. तो खांद्यावर घ्यायला सांगितलेला आहे.

दहा रुपयांच्या नाण्याचे तर आजही आपण पाहतो. काही दुकानांत ते घेत नाहीत. ‘हे नकली आहे’, ‘यावर दहा पट्ट्या आहेत, पंधरा पाहिजेत’, ‘यावर रुपयाचे चिन्ह नाही’. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितले की तोवर चौदा वेगवेगळ्या नक्षीची दहा रुपयांची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी चालतात. वेगवेगळी दिसतात ती मुख्यतः आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत त्या स्मारक नाण्यांमुळेच! बाबासाहेबांचा चेहरा असलेले नाणे ‘चालत नाही’ म्हणून एखाद्या म्हातारीच्या हातावर परत ठेवले जाते, तेव्हा तिची त्या दिवसाची भाजी राहते. आपल्या धर्मग्रामात दुकान चालवणारी सहा-सात कुटुंबे आहेत. त्यांना माझे सांगणे आहे, तुमच्या दुकानातून हे नाणे परत जाऊ नये. बँकेने ते घ्यायला कुरकुर केली तर माझ्याकडे आणा. दानातल्या नोटा देऊन मी ते बदलून देईन.

आता मावशी.

त्यांचे यजमान वारून बरीच वर्षे झाली. दोन एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस आणि थोडे सोयाबीन. त्यांच्या घरी पवित्र मरियेच्या तसबिरीपुढे कुंच्याएवढ्या पितळी वाटीत एक नाणे असे. फार पूर्वी एका धर्मभगिनीने ‘ही आपली अल्फोन्सा’ म्हणून त्यांना ते दिले होते. मावशींना वाचता येत नाही, पण चेहरा ओळखता येतो. रोज संध्याकाळी रोझरी म्हणून झाली की त्या ते नाणे हातात घेत. गुडघे दुखतात तेव्हा तिच्याशी बोलते, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते.

गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या त्यांच्या एका नातलगाने ते नाणे पाहिले आणि मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. अशा नाण्याला पाच लाख मिळतात! वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख! त्याने फोटो पाठवला. लगेच फोन आला. समोरचा माणूस गोड बोलत होता, रिझर्व्ह बँकेचे चिन्ह असलेला कागदही त्याने पाठवला. आधी नोंदणीचे साडेसातशे, मग कराचे चार हजार, मग विम्याचे अडीच हजार. कापूस विकून आलेल्या पैशांतून मावशींनी ते दिले. नंतर फोन लागेना.

बंधू-भगिनींनो, हे नीट ऐका, कारण हा फोन तुमच्याही घरी येईल. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांची वा नोटांची खरेदी-विक्री करीत नाही, त्यासाठी कोणाकडून शुल्क घेत नाही, आणि कोणाला तसा अधिकारही देत नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने हे जाहीर केले आहे. चिल्लरमध्ये मिळालेले, हातोहात फिरून झिजलेले स्मारक नाणे बहुतेक वेळा लिहिलेल्या किमतीचेच असते. अल्फोन्साची नाणी लाखांनी विकत घेणारा कोणी नाही. खरा गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून आधी मागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. मावशी माझ्याकडे दीड महिन्याने आल्या. लाज वाटली म्हणून. त्या दीड महिन्यात काही करता आले असते की नाही ठाऊक नाही, पण लाजेने आपण चोराचेच काम सोपे करतो.

पैसे गेले याचे त्यांना दुःख होतेच. परंतु त्या जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. “फादर, आधी ते नाणं बघितलं की तिचं तोंड दिसायचं. आता पाच लाख दिसू लागलेत. तिच्याशी बोलवंना झालंय.”

कैसराच्या नाण्याचा अर्थ सांगण्यासाठी मी बरीच पुस्तके चाळली आहेत, पण मला तो असा कोणी सांगितला नव्हता. चेहरा असतो आणि किंमत असते. एकीकडे डोळा गेला की दुसरे दिसत नाही. ज्या फसवणाऱ्याने मावशींना फोन केला, त्याला त्या फोटोत संत दिसली नाही, आणि फोनच्या पलीकडे विधवाही दिसली नाही. त्याला आकडा दिसला. आता मी स्वतःकडे वळतो. धर्मग्रामाची नोंदवही उघडली की कोणाचे वार्षिक दान आले आणि कोणाचे राहिले, हे मला आधी दिसते. नाव मागून वाचतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचे केले. कैसराने आपले चित्र धातूवर उठवले, देवाने आपले चित्र माणसावर उठवले. तेव्हा ज्याचे चित्र ज्यावर, त्याचे ते त्याला द्या, असे येशू म्हणतो तेव्हा कराचा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो. मावशी कोणाच्या आहेत, हा प्रश्न उरतो. दहा रुपयांचे नाणे घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी असलेली म्हातारी कोणाची आहे?

त्या मुलाकडून मी आणखी एक गोष्ट शिकलो. नाणे कितीही मळलेले असो, चिंचेने किंवा राखेने घासायचे नाही. चकाकते खरे, पण घासणीचे ओरखडे कायमचे राहतात आणि चेहऱ्याची बारीक रेघ निघून जाते. फार तर साध्या पाण्यात धरायचे, मऊ कापडाने टिपायचे, कोरडे करून कागदाच्या पुडीत ठेवायचे. पापनिवेदनाला बसताना हे मला आठवते. माणसाला घासूनपुसून लखलखीत करण्याच्या भरात मीही काही जणांवर ओरखडे उठवले असतील. त्यातले जे आज इथे आहेत त्यांची मी क्षमा मागतो.

संत अल्फोन्साचा सण २८ जुलैला असतो. या वर्षी त्याच्या जवळच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दान मोजत होतो. आम्ही म्हणजे मी, समितीचे खजिनदार आणि नाणी लावायला मदत करणारा हा मुलगा. एकदम त्याचा हात थांबला. दहा-दहाच्या चळतीत त्याला ती सापडली होती. “फादर, अल्फोन्सा!” मग जरा वेळाने हळूच, “हे मावशींचं आहे.” त्यानेही ती वाटी पाहिली होती.

त्याने खिशातून पाच रुपये काढले. चळतीत ठेवू आणि हे घेऊ का, असे विचारले. आता यात गैर काय? दुकानाच्या गल्ल्यात तो हेच करतो, वडिलांसमोर करतो. दानाची रक्कम पैशानेही कमी होत नाही. खजिनदार म्हणाले, “घेऊ दे की.” मलाही तसेच वाटले, पण हात पुढे होईना. देवाच्या पेटीत पडलेली वस्तू मोजणाऱ्याने आपल्या आवडीनुसार बदलून घ्यायची, ही सवय आज पाच रुपयांची आहे, उद्या कशाची होईल? शिवाय मावशींनी हे पाच रुपये टाकले होते की आणखी काही, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मी त्याला म्हणालो, “ज्यांनी टाकलं त्यांना विचारून ये. तोवर नाणं इथंच राहील.”

तो सायकलवर गेला. अर्ध्या तासाने दोघे आले. मावशी मागे कॅरिअरवर बसून. त्यांनी सांगितले की घरात ठेवून त्रास होत होता, म्हणून देऊन टाकले. पोराला हवे असेल तर घेऊ द्या. “पण पेटीत पाच टाकू दे त्याला, फादर. फुकट नको.” त्याने टाकले, आमच्या तिघांच्या देखत.

आज मिशन रविवार आहे. आजचे दान आपल्या महागुरुस्वामींच्या हस्ते जगभरच्या मिशनकार्यासाठी जाईल. मुलगा आपला डबा घेऊन मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या खोलीत बसणार आहे, ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे. गेल्या रविवारी मावशी तिथे गेल्या होत्या. त्यांनी ‘चर्चवाली’ पुडी उघडायला लावली, चष्मा वर सरकवला आणि ते नाणे खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, “भोवती काय लिहिलंय ते वाचून दाखव.”